अपरेचे द्वार आणि आपली पुडी

गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे जपावे, असा दृष्टांत चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहे. आपण तो व्याख्यानांतून आवर्जून सांगतो. परंतु पुडी बांधताना तो कितपत स्मरणात राहतो, याचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

अपरा, म्हणजेच वार, हा नुसता पडदा नव्हे. तिच्या पेशींतील पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन अनेक औषधद्रव्ये मातेच्या रक्तात परत लोटते. गर्भावस्थेच्या आरंभी ते अधिक असते व प्रसूतिकाल जवळ येतो तसे घटते. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या स्टेरॉइड संप्रेरकांनी त्याचे प्रमाण बदलते, असे मानवी अपरेच्या पेशींवरील प्रयोगांत आढळले आहे. हा द्वारपाल सर्व मास सारखाच जागा नसतो.

अपरेतील दुसरा रक्षक म्हणजे मातेचे बरेचसे कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारे विकर. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन नेमके त्यासच अडविते. फिनलंडमधील 2017 सालच्या अभ्यासात, गरोदरपणी आठवड्यास 500 मिलिग्रॅम वा अधिक ग्लिसिरायझिन पोटात गेलेल्या मातांच्या मुलांची बुद्धिमापनातील गुणसंख्या सरासरीने कमी दिसली. तेथे सेवन प्रामुख्याने मिठाईतून होते. त्यावरून आपल्या कल्पांवर निकाल देणे योग्य नव्हे. सुश्रुतांनी प्रथम मासाच्या योगात यष्टीमधु सांगितले आहे, हेही खरे. तथापि मुळात ग्लिसिरायझिन शेकडा 3 धरले, तरी रोजच्या 3 ग्रॅम चूर्णातून आठवड्यास 630 मिलिग्रॅम होते. हा हिशेब दुर्लक्षिण्याजोगा नाही.

डेक्सामेथासोन तर या विकरास फारसे जुमानत नाही. म्हणूनच अकाली प्रसूतीत बाळाच्या फुप्फुसांसाठी ते मातेस टोचतात. तेच द्रव्य सांधेदुखीच्या बेनामी चूर्णांत भेसळ म्हणून सापडते, ही आयुर्वेदाच्या नावास लागलेली काळिमा होय.

रिसोडची लेक बाळंतपणास कारंजास माहेरी येते, तेव्हा पुडी सोबत येते, कागद येत नाही. म्हणून वाशिम जिल्ह्यातील वैद्यबंधु-भगिनींस आमची विनंती आहे: कितवा मास आहे व अन्य कोणती औषधे चालू आहेत, हे विचारल्यावाचून औषध देऊ नये, द्रव्य, मात्रा व अवधी लिहून द्यावा, चालू असलेले स्टेरॉइड मात्र एकाएकी बंद करवू नये. औषधी दुकानदारांनी गर्भिणीस ज्येष्ठमध चिठ्ठीवाचून देऊ नये आणि बेनामी चूर्णास दुकानात थारा देऊ नये. ग्रंथांवरील आपली श्रद्धा अशा दक्षतेनेच शोभेल.