कार्यानुभवाचा तास आणि रोजगाराचा प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणवंतांच्या कौतुकाने वृत्तपत्रांचे रकाने भरून जातात. दुसरीकडे, कुशल मनुष्यबळ मिळत नसल्याची उद्योजकांची तक्रार वर्षभर सुरूच असते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध मात्र क्वचितच तपासला जातो.

शाळेने विद्यार्थ्याला कामाच्या जगासाठी तयार करावे, हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. प्रत्यक्षात अनेक शाळांत हा तास कागदी फुले आणि शुभेच्छापत्रे यांतच अडकला. परीक्षा जवळ आली की तो गणित-विज्ञानाच्या वाट्याला जाई.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत, तर २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९९२ मध्ये या मुदती अनुक्रमे १९९५ आणि २००० पर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, अर्थात ‘एमसीव्हीसी’, आले; पण कमी गुण मिळालेल्यांची सोय हा शिक्का त्यांना चिकटला. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार देशातील १९ ते २४ वयोगटातील श्रमिकांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते. जर्मनीत हेच प्रमाण ७५, तर दक्षिण कोरियात ९६ टक्के होते.

२०२० च्या धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचविले. सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी काम शिकावे, ही त्यामागची कल्पना. किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असेही उद्दिष्ट त्यात होते. तथापि, ‘ओळख’ कागदावर दाखविणे सोपे असते. दहा दिवसांची सहल घडवूनही आकडा पूर्ण होतो. कौशल्य मात्र येत नाही.

वेगळा मार्ग महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथून माध्यमिक शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करतात. गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा पुरविताना मोजमाप, खर्चाचा हिशेब आणि त्यामागचे विज्ञान ते शिकतात. हे काम नापासांसाठीचा पर्याय नसून वर्गातल्या साऱ्यांच्या शिक्षणाचा भाग असते, हे त्याचे खरे वैशिष्ट्य.

शहरी शाळांना यातून बोध घेता येईल. त्यासाठी कामाच्या मूल्यमापनाला मुख्य गुणपत्रिकेत स्थान द्यावे लागेल, शिकविणाऱ्या कारागिराला सन्मानाचे मानधन द्यावे लागेल आणि व्यवसाय शिक्षण घेतलेल्याला पदवीचा मार्ग खुला ठेवावा लागेल. उद्योजकांनीही केवळ तक्रार न करता आपल्या कार्यशाळांची दारे विद्यार्थ्यांसाठी उघडली पाहिजेत. हे न झाल्यास मुदती पुन्हा पुढे सरकतील आणि त्याची किंमत हाती प्रमाणपत्र असूनही कामाविना राहणाऱ्या तरुणांना मोजावी लागेल.