वेतन मालकाचे, मर्जी गिऱ्हाइकाची!

चंदगडचे एखादे निवृत्त गुरुजी सपत्नीक प्रथमच अमेरिकेला मुलाकडे जातात. एका संध्याकाळी सारे कुटुंब उपाहारगृहात जेवते. बिल येते ऐंशी डॉलरचे. मुलगा त्याखाली आणखी सोळा डॉलर लिहितो आणि सही करतो. गुरुजी मनातल्या मनात हिशोब मांडतात. हजाराच्या वर रुपये, आणि तेही जेवणाचे नव्हेत!

‘‘अरे, हे कशासाठी?’’

‘‘टीप, बाबा. इथे द्यावीच लागते.’’

‘‘आणि नाही दिली तर?’’

‘‘तर त्या वाढणाऱ्या मुलीचा आजचा पगार कापला जाईल.’’

परदेशी मुले असलेल्या मराठी घरांना हा संवाद नवा नाही. त्यावर साधारणतः दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींना ही उघड लूट वाटते. काही जण मात्र मायदेशी परतल्यावर ‘तिकडे माणसाच्या सेवेची कदर असते हो!’ असे कौतुकाने सांगत सुटतात. दोघांच्याही हातून मुलाचे शेवटचे वाक्य निसटते. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत तर नोकराचा पगार कापला जातो, ही कोणत्या प्रकारची कदर?

या तथाकथित सौजन्याचा हिशोब एकदा नीट मांडायला हवा. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. परंतु ज्यांना टीप मिळते, अशा कामगारांना मालकाने रोख द्यावयाची किमान रक्कम आहे ताशी अवघी २ डॉलर १३ सेंट. हा आकडा १९९१ पासून तसूभरही हललेला नाही. उरलेली रक्कम टीपेतून भरून निघेल असे कायदा गृहीत धरतो. न निघाल्यास मालकाने ती भरावी, अशी तरतूद आहे खरी; पण आपल्याच मालकाकडे सेंटासेंटाचा हिशोब मागण्याचे धाडस रोजंदारीवरच्या पोराने करायचे कसे? कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही पळवाट बंद करून पूर्ण किमान वेतन बंधनकारक केले आहे. पण अनेक राज्यांत आजही २ डॉलर १३ सेंटचाच दर चालतो. म्हणजे ज्याला आपण गिऱ्हाइकाचे औदार्य समजतो, तो वस्तुतः मालकाच्या पगारपत्रकातला खड्डा असतो. तो खड्डा बुजवायचा गिऱ्हाइकाने, आणि नफा मोजायचा मालकाने!

या प्रथेचा जन्मही मोठा उद्बोधक आहे. युरोपातील सरदारांच्या घरी पाहुण्यांनी नोकरांच्या हातावर नाणी ठेवण्याची रीत होती. ती अमेरिकेत पोहोचली आणि यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या माथी बसली. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या पुलमन कंपनीने आपल्या आलिशान रेल्वे डब्यांत सेवेसाठी याच मुक्त गुलामांना नेमले. पगार तुटपुंजा; बाकीचे पोट प्रवाशांच्या मर्जीवर. प्रवासी त्या साऱ्यांना ‘जॉर्ज’ अशीच हाक मारीत. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून त्याच्या नोकराचेही नाव जॉर्ज! स्वतःचे नाव आणि पुरे वेतन मिळवण्यासाठी या माणसांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि कंपनीशी पहिला करार पदरात पाडून घ्यायला १९३७ साल उजाडले.

खुद्द अमेरिकेलाही या प्रथेची एके काळी लाज वाटत होती, हे आज कोणी सांगत नाही. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टीपेवर कायद्याने बंदी घातली आणि आणखी काही राज्ये त्याच वाटेने गेली. स्वतंत्र नागरिकाने दुसऱ्या नागरिकापुढे हात पसरावा, हे लोकशाहीला शोभत नाही, असा त्या काळच्या विरोधकांचा युक्तिवाद होता. १९२६ पर्यंत ते सारे कायदे रद्द झाले. प्रथा जिंकली, युक्तिवाद हरला.

टीपेमुळे सेवा सुधारते, असे एक समर्थन नेहमी पुढे केले जाते. तसे असेल तर जपानमध्ये गिऱ्हाइकांची आबाळ व्हायला हवी होती! तिथे टीप देण्याची रीत नाही; मेजावर पैसे ठेवून निघाल्यास विसरलेले पैसे परत द्यायला नोकर मागे धावत येतो. तरीही जपानी आतिथ्याची ख्याती जगभर आहे. फ्रान्समध्ये सेवेचे मूल्य पदार्थाच्या छापील किमतीतच धरलेले असते. गिऱ्हाइकाने वर चार नाणी ठेवली तर ती खुशी. न ठेवली तर कोणाची चूल विझत नाही. आणि टीपेचा सेवेच्या दर्जाशी असलेला संबंध फारच क्षीण असतो, हे अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठातील अभ्यासक मायकेल लिन यांनी वर्षानुवर्षांच्या संशोधनातून दाखवून दिले आहे.

हे सारे चंदगडात बसून का वाचायचे, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. उत्तर सोपे आहे. चंदगड तालुका मेजाच्या दोन्ही बाजूंना आहे. एका घरातला मुलगा संगणक अभियंता होऊन परदेशी जातो आणि मेजावर बसतो. शेजारच्या घरातला मुलगा तिलारीचा घाट उतरून, दोडामार्गावरून गोव्याला पोहोचतो आणि तिथल्या हॉटेलात तबक घेऊन मेजापाशी उभा राहतो. काजू आणि भात यांच्यावर बारा महिन्यांचे भागत नाही, म्हणून तो गेलेला असतो. पर्यटकांचा हंगाम भरात असतो तोवर त्याच्या खिशात चार पैसे खुळखुळतात. पावसाळ्यात किनारे ओस पडले, की टीप आटते. घरचे हप्ते मात्र आटत नाहीत. अशा कमाईवर बँक कर्ज देत नाही आणि म्हातारपणाची पुंजीही साचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या प्राप्तिकर प्रकरणात स्पष्टच म्हटले, की गिऱ्हाइकाने दिलेली टीप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. निर्णय कराविषयीचा असला, तरी त्यातले सत्य त्या पोराने पाठ करून ठेवावे असे आहे. टीप कितीही मिळो, तो त्याचा पगार नव्हे!

आणि आता तर पाश्चात्त्यांची ही उसनी रीत आपल्या दारात आली आहे. शहरांतील हॉटेले बिलात ‘सेवा शुल्क’ म्हणून दहा टक्के परस्पर लावू लागली. वस्तू व सेवा कर सरकारचा, हे शुल्क मात्र हॉटेलचे, हा भेद कितींना ठाऊक असतो? जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे शुल्क आपोआप लावण्यास मनाई केली. हॉटेल व्यावसायिक न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची भूमिका उचलून धरली. ‘हे शुल्क आमच्या कामगारांसाठीच असते’ असा व्यावसायिकांचा दावा होता. कामगारांची एवढी कणव असेल, तर पदार्थाची किंमत उघडपणे वाढवावी आणि पगार वाढवावा. त्याला कोणत्या प्राधिकरणाची आडकाठी आहे?

‘आपल्याकडेही पोस्त होतीच की,’ असे कोणी म्हणेल. होती, आणि आहे. पण दिवाळीची पोस्त बारा महिन्यांच्या पगारावर मिळते, पगाराऐवजी नव्हे. गावगाड्यातल्या बलुत्यात विषमता होती, अन्यायही होता. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही सुगीच्या खळ्यावरचा वाटा बलुतेदाराच्या कष्टाचा ठरलेला मोबदला होता. तो वाटसरूच्या लहरीवर अवलंबून नव्हता.

चंदगडकरांना तर याहून मोठा आदर्श शोधायला दूर जायला नको. गोव्याच्या सीमेवर पारगड आजही उभा आहे. ज्या राजाने तो राखला, त्याने सैनिकांना वतनाऐवजी सरकारी खजिन्यातून रोख पगार देण्याचे धोरण ठेवले. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात महाराजांनी बजावले, की लागेल तो जिन्नस बाजारात जाऊन विकत घ्यावा, रयतेला उपद्रव देऊ नये. ज्याची चाकरी, त्याचाच पगार. चाकराचे पोट तिसऱ्याच्या माथी मारायचे नाही. सैनिकाचा धाक आणि वाढप्याची लाचारी या गोष्टी वेगळ्या खऱ्या, पण पगाराची जबाबदारी टाळणारा धनी दोन्हीकडे सारखाच दोषी.

मग गुरुजींनी काय करावे? अमेरिकेत असतील तोवर टीप पुरती द्यावी. मालकाच्या अन्यायाचा सूड वाढणाऱ्या मुलीवर उगवणे हा स्वाभिमान नव्हे, कंजूषपणा आहे. परतल्यावर मात्र त्या रीतीचे कौतुक करू नये. इथल्या बिलात आगंतुक शुल्क दिसले, तर ते वगळायला शांतपणे सांगावे. ज्यांची स्वतःची हॉटेले, खानावळी, मंगल कार्यालये आहेत, त्यांनी आपल्या वाढप्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला, कायद्याप्रमाणे आणि पूर्ण द्यावा. आणि पाणी आणून ठेवणाऱ्या पोराला ‘ए’ म्हणून हाक मारण्याआधी त्याचे नाव विचारावे. त्याला एक पैसाही लागत नाही.

खुशीने दिलेल्या चार पैशांना कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. विरोध आहे तो त्या चार पैशांच्या आड लपणाऱ्या मालकाला. घाट उतरून गेलेला चंदगडचा मुलगा तबक घेऊन उभा राहतो, तेव्हा तो कष्ट विकत असतो, कृपा मागत नसतो. त्याच्या कष्टाची किंमत त्याच्या मालकाने चुकती करावी. गिऱ्हाइकाच्या मर्जीवर ती सोडणाऱ्या व्यवस्थेला सुसंस्कृत म्हणण्याची घाई आपण तरी करू नये.