लांबी

शिंप्याकडे लांबी म्हणजे विजारीची. पेंटरकडे लांबी म्हणजे भोकं बुजवायचं लुकण. विजारीची लांबी चुकली तर गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत चार जण सांगतात. पेंटरच्या लांबीचा मात्र सगळा धंदाच मुळी न दिसण्यावर चालतो. माझं भांडण आहे ते या दुसऱ्या लांबीशी. दाराच्या चौकटीत खिळ्याचं भोक राहिलं, ते लांबीनं भरलं, वरून ऑइलपेंटचा हात फिरवला, तर माझं काही म्हणणं नाही. चौकटीत बसून ताशी ११० किलोमीटरनं कुणी बाहेरगावी जात नाही. मोटारीत बसून जातात.

त्यातून मोटार जर जुनी, नामांकित, दोनच माणसं बसतील अशी आणि वरचं कापडी छप्पर मागं टाकून वारा खात हिंडायची असेल, तर लांबीवाल्यांच्या प्रतिभेला बहर येतो. इंग्लंडात अशा गाडीला क्लासिक स्पोर्ट्‌स कार म्हणतात. ती 'रिस्टोअर' केली म्हणजे नेमकं काय केलं, असं मालकाला विचारा. तो रंग सांगेल. लाल म्हणजे कुठला लाल, हात किती दिले, शेवटी कुठल्या कापडानं पुसली. अहो, वाडा दुरुस्त केला का, असं विचारल्यावर 'हो, तोरण बदललं' म्हणण्यापैकी आहे हे!

मी ऐकीव बोलत नाही. माझा मेव्हणा कॉव्हेंट्रीत राहतो. त्यानं हौसेनं ट्रायम्फ स्पिटफायर घेतली. ही गाडी त्याच गावात, कॅन्लीच्या कारखान्यात, १९६२ ते १९८० या काळात बनत होती. रूप काढून दिलं होतं इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीनं. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना ती नात्यातली वाटेल, कारण १९६०च्या दशकात मद्रासला बनणारी आपली स्टँडर्ड हेराल्ड याच कुळातली. हेराल्डची चासी घेतली, तिची लांबी (शिंप्याच्या अर्थानं) कमी केली आणि तिच्यावर स्पिटफायर बसवली. ते करताना एक गोष्ट घडली, आणि सगळं महाभारत तिथेच आहे. हेराल्डच्या चासीला दोन्ही कडांनी लोखंडी दांड्या होत्या, त्या हिला ठेवल्या नाहीत. चासी उरली ती पाठीच्या कण्यासारखी मधोमध. कडेनं गाडी ताठ ठेवायचं काम आलं बॉडीकडे, म्हणजे दाराखाली जी पोकळ पेटी असते तिच्याकडे. इंग्रज तिला सिल म्हणतो. मी उंबरठा म्हणतो, कारण पाय तिच्यावरूनच आत टाकायचा असतो.

आता तिकडे थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. खारट पाणी चाकांनी उडून उंबरठ्याच्या पोटात शिरतं. पाणी निचरायला खाली बारीक भोकं ठेवलेली असतात, ती चिखलानं बुजली की आत लोणचं मुरायला लागतं. फरक इतकाच की लोणच्यात मीठ कैरी टिकवतं, इथे ते पत्रा खातं.

मेव्हण्याला गाडी विकणाऱ्या गृहस्थानं फोटोंचा अल्बम दिला होता. सगळे फोटो रंगकामाचे. "दाजी, आरसा आहे आरसा," असं मेव्हणा फोनवर म्हणाला. त्या उन्हाळ्यात आम्ही तिकडे गेलो, तेव्हा आमच्या हिनं भावाला फ्रिजवर लावायला वडापावच्या आकाराचं एक लोहचुंबक नेलं होतं. ते मी फडक्यात गुंडाळून गाडीवर फिरवलं. बॉनेटला चिकटलं. दाराला चिकटलं. उंबरठ्यापाशी आलं आणि वडापाव सरळ जमिनीवर. दुसऱ्या बाजूलाही तेच. लांबीला चुंबक धरत नाही, एवढं विज्ञान शाळेत झालेलं असतं.

मेव्हण्यानं छिन्नी मारली. वरचा लाल आरसा ढलप्या होऊन निघाला. त्याखाली बोटभर लांबी, लांबीखाली कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती जाळी, आणि जाळीमागे कोंबलेली वर्तमानपत्राची पानं. कुठल्याशा काउंटी सामन्याचा धावफलक वाचता येत होता. खरा पत्रा होता तो फक्त टोकांना, बिस्किटासारखा. म्हणजे ही गाडी काही दिवस क्रिकेटच्या बातमीवर उभी होती आणि तिच्यात बसून मेव्हण्यानं बायकोला चाळीस मैलांवर फिरवून आणलं होतं.

लांबीवाल्यांकडे या सगळ्याला उत्तर असतं. त्यांच्यातला जरा शिकलेला असेल तर तो म्हणतो, "आम्ही मूळ पत्रा जपला. कापून नवा घातला तर गाडी मूळची कशी राहील?" वा! दात किडला तर तो मूळचा आहे म्हणून कुणी त्यावर चुना फासत नाही. आणि गाडी 'तीच' कधी राहते, हा प्रश्न लंडनच्या हायकोर्टात १९९० साली सुटलेला आहे. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली, १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली. पुढं १९३२ साली ब्रुकलँड्‌सला तिला भयानक अपघात झाला, चालवणारा क्लाइव्ह डन्फी त्यात गेला. गाडी पुन्हा बांधली गेली, बॉडी बदलली, सुटे भाग तर किती बदलले त्याला हिशेब नाही. १९९०च्या सुमारास ती एक कोटी पौंडांना विकायची ठरली, तेव्हा घेणारा म्हणाला, ही ती नव्हेच. न्यायमूर्ती ऑटन यांनी मूळचं काय उरलंय ते तपासलं. जवळजवळ काही नव्हतं. तरीही त्यांनी निकाल दिला की ही तीच, कारण तिचा इतिहास कुठं तुटलेला नाही. कधी काय बदललं ते उघडपणे, एकामागून एक, त्याच गाडीवर झालं. म्हणजे कापल्यानं गाडी मरत नाही. आजीच्या गोधडीत आजीच्या लुगड्याचा किती भाग उरलाय हे कुणी मोजत नाही, ती आजीचीच गोधडी असते. पण त्या गोधडीलाही ठिगळ लावताना आजी आधी जीर्ण कापड कातरायची. जाळीवर लुकण थापून वर फुलं काढत नव्हती.

खरं काम कसं असतं ते मी त्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून पाहिलं. उंबरठा कापायच्या आधी दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करून ती जखडावी लागते. नाहीतर गाडी मधोमध नकळत दबते, नवा उंबरठा सुबक बसतो आणि दार मग जन्मात लागत नाही. एका वेळी एकच बाजू कापायची. तेही बॉडी चासीवर बोल्टांनी आवळलेली असताना. उंबरठ्याला तीन पत्रे असतात, एक बाहेरचा, एक आतला आणि मधे ताकदीचा. लांबीवाल्याला फक्त बाहेरचा ठाऊक असतो. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, वेल्डिंग एका जागी रेंगाळलं की पापडासारखा वळतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, तिसरा पुन्हा अलीकडे, आणि मधे पत्रा निवेपर्यंत चहा. पक्की शिवण घालण्याआधी कच्चे टाके घालतात तसं. दर चार टाक्यांनी दार लावून फट बघायची. एका उंबरठ्यासाठी मेव्हण्यानं दार चौदा वेळा लावलं आणि काढलं. मी मोजत होतो; मला दुसरं काम नव्हतं.

दोन्ही उंबरठे झाल्यावर बॉडी उचलून घोड्यांवर ठेवली आणि खालची चासी उघडी पडली. ती हातोडीनं ठोकत जायची. शाबूत लोखंड टण्ण वाजतं, कुजलेलं ठप्प. माठ घेताना आपण वाजवून घेतो ना, अगदी तसं. बॉडी पेलणारे जे आडवे हात चासीतून निघतात, त्यातले दोन ठप्प निघाले. ते कापले, नवे लावले, जस्ताचा प्रायमर मारला आणि सगळ्यात शेवटी पोकळ्यांमध्ये नळीनं पातळ मेण सोडलं, पुढच्या मिठासाठी. दोन हिवाळे गेले यात. फोटो काढण्यासारखं त्यात काहीसुद्धा नव्हतं.

लांबी मुळीच नको असंही माझं म्हणणं नाही, बरं का. वेल्डिंगचा सांधा घासून घेतल्यावर कागदाइतका पातळ हात सगळेच देतात. जुन्या काळी कित्येक कारखान्यांतसुद्धा पत्र्याच्या जोडावर शिसं-कथील वितळवून, कल्हईवाल्याच्या हातानं, सांधा पुसून घेत. पण त्याखाली पत्रा असे. चेहऱ्याला पावडर लावावी, चेहरा पावडरीचा करू नये.

आणि सरकार? इंग्लंडच्या वाहन-नोंदणी खात्याची बरीच वर्षं एक गुणपत्रिका असे. पुन्हा बांधलेल्या गाडीला जुना नंबर राखायचा तर आठ गुण मिळवावे लागत. त्यात चासीला किंवा बॉडीच्या सांगाड्याला पाच, स्टिअरिंगला दोन आणि इंजिनाला फक्त एक! सांगाडा म्हणजेच गाडी, हे इतकं नेमकं कळणारे लोक. आणि त्याच देशात २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. कारण काय, तर मालक या गाड्या जिवापाड जपतात आणि फारशा चालवत नाहीत. म्हणजे आजोबांचं वय झालं, ते फारसे बाहेर पडत नाहीत, तेव्हा आता त्यांचं ब्लडप्रेशर बघायला नको! शेवटची स्पिटफायर १९८० सालची. म्हणजे आज एकूण एक स्पिटफायर चाळिशी ओलांडून मोकळी झाली. गंज सर्वांत जास्त कुठं, तर या गाड्यांत. आणि खाली वाकून बघणं बंद केलं तेही याच गाड्यांचं. हौशी मालकानं आपणहून तपासून घ्यावी, त्याला कुणी अडवत नाही. पण जाळीत वर्तमानपत्र कोंबणारा आपणहून जाईल का? ही सवलत काढून टाकावी. रंगाला हात लावू नका, चाकांची चमक बघू नका, पण वर्षातून एकदा ती गाडी वर उचला आणि हातोडीनं ठोका.

मेव्हण्याची गाडी सध्या राखाडी प्रायमरमध्ये आहे. रंगाला पैसे उरले नाहीत. तशीच ती आम्ही एका जुन्या गाड्यांच्या जत्रेत नेली. परीक्षक आमच्या शेजारच्या गाडीपाशी वीस मिनिटं होते, बॉनेटमध्ये त्यांचा भांग दिसत होता. आमच्याकडे आले आणि "रंग कधी?" एवढंच विचारून पुढं गेले. मेव्हण्याची बायको हाच प्रश्न रोज विचारते, पण तिला निदान आपण कशावर बसलोय हे ठाऊक आहे. शेजारची गाडी पहिली आली. मी तिच्या मालकाचं अभिनंदन केलं आणि खिशातून वडापाव काढून उंबरठ्याला लावू का, असं अगदी नम्रपणे विचारलं. तो नको म्हणाला.

पुढच्या वर्षी परीक्षकांना हवं असेल तर चुंबक मी द्यायला तयार आहे. फक्त परत करावं. मेव्हण्याच्या फ्रिजवर वाण्याची यादी त्याच्यावर टिकून असते.