तेल डोक्याला कीं यंत्राला?

२०२४ सालीं ॲमेझॉननें ‘रूफस’ नांवाचा यांत्रिक सल्लागार गिऱ्हाइकांपुढें उभा केला. तेव्हांपासून केशतेलाचें वर्णन यंत्राच्या सोयीनें लिहावें, असा उपदेश व्यापाऱ्यांस होऊं लागला आहे. घटकद्रव्यें, तेल कोणत्या केसांस योग्य, हें स्पष्ट लिहिलें तर आमची तक्रार नाहीं. आजवर तें बारीक टायपांत दडविलेलेंच असे. परंतु ‘टकलावर काय लावूं?’ हा गिऱ्हाइकाचा प्रश्नच वर्णनांत पेरून ठेवावयाचा, म्हणजे यंत्र आपलेंच नांव घेईल, ही युक्ति आम्हांस निव्वळ लबाडीची वाटते. टक्कल बरें करण्याचा दावा १९४५ च्या नियमांनीं औषधांससुद्धां वर्ज्य आहे. यंत्राला ना टक्कल, ना लाज. तें वाचलेलें पढतें. बाटलीवर जें छापण्याची छाती होत नाहीं, तें त्याच्या कानांत तरी कां सांगावें?