दार उघडे आहे काय?



आपल्यापैकी काही घरांनी एक स्तुत्य उपक्रम आरंभिला आहे. भारतातून आणलेली केतुबा, जुनी छायाचित्रे, मलिद्याच्या प्रसंगी आजीने गायिलेल्या गीतांचे ध्वनिमुद्रण, हे सारे एखाद्या दूरस्थ सर्व्हरवर ठेवावयाचे आणि दिमोनापासून मुंबईपर्यंतच्या आप्तांना पाहू द्यावयाचे. मात्र एखाद्या दिवशी ते उघडेनासे होते आणि "सारे गेले!" असा आकांत होतो. अशा वेळी घाबरण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी.

सर्व्हर म्हणजे एकाच पत्त्याची, पण पुष्कळ दारांची इमारत होय. या दारांना 'पोर्ट' म्हणतात. त्यांचे क्रमांक ० पासून ६५५३५ पर्यंत असतात. संकेतस्थळाची पाने ८० व ४४३ या दारांतून मिळतात; व्यवस्थापक दुरून काम करतो तो बहुधा २२ मधून. ज्या दारामागे एखादा प्रोग्राम उत्तर देण्यास बसलेला असतो, तेच दार उघडे.

तपासणीसाठी टेलनेट अथवा नेटकॅट हे छोटे प्रोग्राम पुरेसे आहेत; विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा आहे. सर्व्हरचा पत्ता व दाराचा क्रमांक दिला, की आपला संगणक जणू विचारतो, "येऊ का?" यावर तीन गोष्टी संभवतात.

पहिली, "या" असे उत्तर येते. दार उघडे आहे. बिघाड असलाच तर आत आहे.

दुसरी, तत्काळ नकार येतो. याचा अर्थ यंत्र बहुधा चालू आहे, पण त्या दारामागचा प्रोग्राम बंद पडला आहे. तो पुन्हा सुरू करावा.

तिसरी, काहीच उत्तर येत नाही. अशा वेळी फायरवॉलने आपला प्रश्न वाटेतच गिळला असेल, यंत्र बंद असेल किंवा पत्ता चुकला असेल.

नकार आणि मौन यांतील हा भेद ज्यास कळला, त्याचे निम्मे काम झाले. यांपैकी कोणत्याही उत्तरावरून ठेवा नष्ट झाला असे सिद्ध होत नाही. तपासणी मात्र बाहेरून करावी, म्हणजे घरच्या जोडणीवरून नव्हे तर मोबाइलच्या जोडणीवरून. घरातून उघडे दिसणारे दार पाहुण्यास बंद असू शकते.

याउलट, नको ते दार उघडे राहिल्यास अनर्थ ओढवतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्राम ४४५ क्रमांकाच्या दारातून यंत्रायंत्रांत पसरला आणि ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले. त्या दोषावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती केली नाही, त्यांना फटका बसला.

आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. दारे तपासावयाची ती आपली, अथवा मालकाने अनुमती दिलेली. इस्राएलमध्ये १९९५ चा संगणक कायदा अनधिकृत प्रवेशास गुन्हा मानतो. मोसादच्या संकेतस्थळाची तपासणी करणाऱ्या एकास यरुशलेमच्या न्यायालयाने २००४ साली निर्दोष सोडले हे खरे. तथापि खटल्यास त्यास सामोरे जावे लागलेच.

तेव्हा या आठवड्यात एक कागद घ्यावा. कोणती दारे उघडी हवीत ते त्यावर लिहावे, प्रत्येक तपासावे आणि उरलेली बंद करावीत. शिवाय त्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत घरी निराळी ठेवावी. दार पुन्हा उघडता येते. आजीचा आवाज पुन्हा मिळावयाचा नाही.