विश्लेषण : चार दशकांच्या कारकीर्दीत मिच मॅकॉनेल यांनी काय कमावले, काय गमावले?

केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर मिच मॅकॉनेल यांनी २०२६ची निवडणूक लढवणार नसल्याचे २० फेब्रुवारी २०२५ रोजी, ८३व्या वाढदिवशी जाहीर केले. ते १९८५पासून सिनेटमध्ये आहेत. २००७पासून सलग १८ वर्षे ते पक्षाचे सिनेटमधील नेते होते. हा विक्रम आहे.

खरी छाप कुठे?
न्यायालयांवर. २०१६मध्ये न्या. अँटोनिन स्कालिया यांच्या निधनानंतर, निवडणूक वर्षाचे कारण देत त्यांनी ओबामांचे उमेदवार मेरिक गारलँड यांची सुनावणीही होऊ दिली नाही. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयातील नियुक्त्यांसाठी ६० मतांचा अडसर दूर करून साधे बहुमत पुरेसे केले. २०२०मध्ये मात्र मतदानाला आठ दिवस उरले असताना एमी कोनी बॅरेट यांची नियुक्ती मंजूर करून घेतली. ट्रम्प यांनी नेमलेल्या तिन्ही न्यायमूर्तींनी २०२२मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला.

ट्रम्प यांच्याशी संबंध कसे?
कॅपिटॉल हल्ल्याला ट्रम्प नैतिकदृष्ट्या जबाबदार असल्याचे त्यांनी २०२१मध्ये सभागृहात सांगितले. पण त्याच दिवशी महाभियोगात मत दिले ते ट्रम्प यांच्या सुटकेसाठी. न्यायालय हवे तसे घडवता आले, पक्ष मात्र ट्रम्प यांच्याकडे गेला.