झाडलेला कचरा जातो कुठे?

मैत्रिणींनो, दिवाळीआधी घर झाडताना आपण पलंगाखालचा कचरा कपाटाखाली ढकलत नाही. तसं केलं तर सासूबाई विचारतील, "ही कसली गं झाडलोट?" पण गाव झाडताना आपण नेमकं हेच करतो. दुसऱ्या कुणाचं कशाला, आम्ही जेऊरच्या बायकांनीही हेच केलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गांधी जयंतीला आमच्या बचत गटाच्या वीस-बावीस जणी खराटे, घमेली आणि पेंडीची रिकामी पोती घेऊन बाजारतळावर जमलो. तीन तासांत बाजारतळ आणि ओढ्याची कड लख्ख झाली. एकोणीस पोती भरली. फोटो निघाले, चहा झाला. गावातल्या एका भाऊंनी ट्रॅक्टर दिला होता. पोती भरल्यावर त्यावरच्या पोराने विचारलं, "काकू, कुठं टाकू?" मी म्हणाले, "टाक की गावाबाहेर कुठंतरी."

हे ‘कुठंतरी’ मला आठच दिवसांत भेटलं. एका ओळखीच्या मावशींचा निरोप आला म्हणून त्यांच्या शेतावर गेले. बांधाला आमचीच पोती पडलेली. काही कुत्र्यांनी फाडलेली, काही कुणीतरी पेटवून दिलेली, अर्धवट जळून धुमसत होती. पिशव्या वाऱ्याने त्यांच्या कडवळात जाऊन बसल्या होत्या आणि गाय त्या चघळत होती. मावशी शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुम्ही गाव झाडलं ते लई ब्येस केलं. पर घाण माझ्या बांधाला आणून टाकली." मला वर बघवेना. चूक ट्रॅक्टरवाल्या पोराची नव्हती, माझीच होती.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. इतकी अभियानं झाली तरी कचरा हटत का नाही?

गाडगेबाबा ज्या गावात जात तिथे आधी खराटा चालवत आणि रात्री कीर्तन करत. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात त्यांनी बांधलेली धर्मशाळाही आहे. त्यांच्याच नावाने २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावांत चढाओढ लागली. मग २०१४ मध्ये स्वच्छ भारत आलं. या अभियानांनी पुष्कळ काम केलं, विशेषतः शौचालयांचं. पहाटे अंधारात बाहेर जाण्याचा बायकांचा त्रास कितीतरी घरांत संपला, हे विसरून चालणार नाही.

पण दरम्यान कचराच बदलला. गाडगेबाबांच्या खराट्याखाली यायचा पालापाचोळा, शेण, राख, माती. ते उकिरड्यात गेलं की वर्षभरात त्याचं खत व्हायचं. उकिरडा म्हणजे तेव्हाची चोख व्यवस्थाच होती. आज त्याच उकिरड्यात आपण दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, डायपर आणि बल्ब टाकतो. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी ओढ्याच्या कडेला आम्हाला पुड्या सापडल्याच. हे काही कुजत नाही. पेटवलं तर विषारी धूर होतो. पाण्यात गेलं तर आपल्या तालुक्याचे ओढे-नाले शेवटी भीमेलाच मिळतात. गुरांनी गिळलं तर पोटात गोळा होतो आणि जनावर हकनाक जातं. कचरा नवा आणि रीत जुनी, खरं दुखणं हे आहे.

कायद्याला हे उशिरा का होईना कळलं. प्लास्टिक कचऱ्याचे २०१६ चे नियम शहरांपुरते न ठेवता ग्रामपंचायतींनाही लागू केले. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी झाली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी घातली. आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या घनकचऱ्याच्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि चौथा रंगाचे डबे, बल्ब, औषधं असा जपून हाताळायचा कचरा. आता हे चार भाग करणार कोण? कागदावर कुणीही असो, प्रत्यक्षात ते काम स्वयंपाकघरातच व्हायचंय. म्हणजे आपल्याच हातून.

हे जमतं का? जमतं. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचं उदाहरण घ्या. गावही काही फार मोठं नाही. रामदास कोकरे तिथे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असताना कचऱ्याची वेगवेगळ्या प्रकारांत विभागणी होऊ लागली. ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत झालं, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. जिथे कचऱ्याचे ढीग होते ती जागा लोक मुद्दाम बघायला जाऊ लागले. तिथे जादू काही नव्हती. आधी प्रत्येक वस्तू कुठे जाणार हे ठरवलं आणि मग ती गोळा केली, एवढंच.

गेल्या वर्षी आम्हीही क्रम उलटा केला. खराटा हातात घ्यायच्या आधी भंगारवाल्या भाऊंना घरी बोलावून चहा दिला आणि विचारलं, "काय घेता आणि काय नाही?" त्यांनी सांगितलं, बाटल्या, पुठ्ठा, पत्रा, काच, कोरड्या स्वच्छ पिशव्या चालतील. खरकटं लागलेलं चालणार नाही. बाजारातल्या पाल्यासाठी मावशींनीच शेताच्या कडेला खड्डा दिला. पाल्याचा एक थर, वर माती-शेणकाल्याचा थर, अधूनमधून पाणी. तीन महिन्यांत खत झालं आणि ते त्यांच्याच वांग्यांना गेलं. मागचं थोडं तरी फिटलं.

पण एक गोष्ट कुणीच हातात घेईना. ओढ्यात सापडलेली पॅड आणि डायपर. काळ्या पिशवीत गुंडाळून रात्री गुपचूप टाकलेली. आपणच टाकलेली बरं का! त्यावर बोलायची लाज, म्हणून टाकायचीही सोय नाही. पुण्यात कचरावेचक बायकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने सांगितलं, की पॅड कागदात नीट गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणाऱ्या बाईला ते उघडावं लागणार नाही. किती साधी गोष्ट! पण उचलणारीही आपल्यासारखीच बाई आहे, हे ध्यानात घेतलं तरच सुचणारी. आमच्या गटात हे आधी कुजबुजत बोललं गेलं, आता उघड बोललं जातं. वेगळं ठेवलेलं कुठे द्यायचं, हे मात्र पंचायतीबरोबर बसूनच ठरवायला हवं.

त्यासाठी दार उघडं आहे. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी, असा कायदाच आहे. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, घनकचऱ्यासाठी ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. तालुक्याला एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र असावं, असंही त्यात होतं. आपल्या गावाच्या वाट्याचं काय झालं, शेड कुठे आहे, केंद्र कुठवर आलं, हे विचारायला भाषण यावं लागत नाही. हळदीकुंकवाला दहाजणी जमतो, तशा दहाजणी महिला ग्रामसभेला गेलो तरी पुरे.

शेवटी आमचा हिशेब सांगते. गेल्या वर्षी सतरा पोती निघाली. नऊ भंगारात गेली, पाच खड्ड्यात. उरली तीन. पाकिटं, पुड्या आणि कुणीच न घेणाऱ्या पिशव्यांची. ती आजही माझ्या परसात पत्र्याखाली ठेवली आहेत. घरचे विचारतात, "ही ब्याद कधी जाणार?" मी म्हणते, जाईल तेव्हा जाईल, पण कुणाच्या बांधाला जाणार नाही. येत्या महिला ग्रामसभेत त्या तीन पोत्यांचा प्रश्न मी विचारणार आहे. तुमच्याही गावात अशी पोती असतीलच. आधी जागा विचारा मैत्रिणींनो, मग खराटा घ्या.